प्रतिकूल असल्यास त्याच खुणेने

नॉर्डबी, यूटा
रविवार, ८ सप्टेंबर २०१९

डेलिया,

तू जिवंत आहेस का, एवढंच विचारायचं आहे. सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं कार्ड ठेवलं आहे. त्यावर काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस. नुसतं पेटीत टाक. ते आलं की मी समजेन.

साडेतीन वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवात अशी, म्हणून कारण देणं भाग आहे.

काल आईबरोबर चर्चच्या मंदिरात गेले होते. तिच्या पर्समधला रबरबँड लावलेला गठ्ठा तुला आठवत असेल. डेन्मार्कमधल्या पणज्या, खापरपणज्या, आपला धर्म कानावर यायच्या आधीच मेलेल्या, प्रत्येकीचं एक गुलाबी कार्ड. बारा वर्षांच्या झाल्यापासून आपण त्यांच्या वतीने पाण्यात बुडून वर येत आलो. त्यापुढचा विधी मोठ्या बायका करतात. काल तोच करायचा होता. टेबलापाशी आईने गठ्ठ्यातलं वरचं कार्ड मला दिलं आणि खालचं स्वतःला घेतलं.

माझ्या कार्डावर जे छापलं होतं ते जसंच्या तसं लिहिते: डेलिया रूथ थोर्गेसन. स्त्री. जन्म ३ मे १९८४, नॉर्डबी. मृत्यू १४ मार्च २०१८, अस्टोरिया, ओरेगॉन. बाप्तिस्मा १२ जून २०१९, पूर्ण.

त्याच नावाची, त्याच तारखेला, नऊशे वस्तीच्या याच गावात जन्मलेली दुसरी कुणी असण्याची शक्यता मी धरत नाही. तू चर्चमधून नाव काढून घेतलंस तेव्हा तुझा जुना बाप्तिस्माही पुसला गेला होता. म्हणजे जूनमध्ये चर्चच्या आपल्या गावातल्या शाखेतली, आपल्या वॉर्डातली कुठलीतरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी तुझं नाव घेऊन पाण्याखाली गेली आणि वर आली. तिला कार्डावरचं नाव ओळखीचं वाटलं की नाही, कोण जाणे.

मी कार्ड टेबलावर परत दिलं, बरं वाटत नाही असं सांगितलं आणि बाहेर येऊन बसले.

परतताना गाडीत आईला विचारलं.

“आई, डेलिया गेली असं तुला कुणी कळवलं?”

“समोर बघून चालव. या दिवसांत हरणं आडवी येतात.”

“नोराचा फोन आला होता का?”

“कोण नोरा?” आई म्हणाली. मग काच वर करत, “टर्कीच्या शेडचा वास आज केवढा सुटलाय, नाही?”

वास अजिबात येत नव्हता. वारा उलट्या दिशेचा होता.

तुझा फोन बंद आहे. नोराचाही.

मारेन


रविवार, २२ सप्टेंबर

डेलिया,

कार्ड आलं नाही. पत्रही परत आलं नाही. पत्ता चुकला असता तर एव्हाना परत यायला हवं होतं. तेव्हा अस्टोरियात कुणीतरी ते आत घेतलं आहे.

या दोन आठवड्यांत जे कळलं ते सांगते.

वंशवृक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक नावामागे बदलांची यादी असते. कुणी, कधी, काय बदललं. तुझ्या पानावर एकच बदल आहे. ३० मे २०१९, ‘जिवंत’ खोडून ‘मृत’, करणारी आई. बदलाचं कारण लिहायची चौकट असते, त्यात तिने लिहिलंय: ‘मी तिची आई आहे. मला सांगण्यात आलं.’ कुणी सांगितलं ते नाही. इतक्यात मेलेल्या माणसासाठी जवळच्या नातलगाची परवानगी लागते. जोडीदार असेल तर त्याची, नसेल तर आईवडिलांची. जोडीदाराची जागा कोरी आहे, नोराचं नाव तिथे नाही. आईने आईची परवानगी घेतली.

मी अजून पाणीखात्यातच आहे. डोंगरावर बर्फ मोजणारी यंत्रं सांभाळते. एखाद्या यंत्राने अशक्य आकडा पाठवला तर आम्ही तो पुसत नाही. बाजूला खूण करतो आणि शेजारच्या ठाण्याचा आकडा पाहतो. तुझ्या शेजारचं ठाणं मीच आहे. माझ्याकडे तुझ्याबद्दल एकही आकडा नाही, हे मला परवा पहिल्यांदा नीट कळलं.

बुधवारी कामावरून आले तर दाराशी झाकण लावलेलं काचेचं भांडं होतं. चीजमधले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. आपल्याकडे हे कुणाच्या दाराशी ठेवतात ते तुला ठाऊक आहे. चिठ्ठी नव्हती. शुक्रवारी दुसरं भांडं.

शनिवारी आमच्या डाव्या पक्षाची बैठक होती, माझ्या स्वयंपाकघरात. आम्ही एकूण चारजण आहोत आणि त्यातली लारू आजी केकसाठी येते असं ती स्वतःच सांगते. एक्याऐंशी वर्षांची आहे. दर निवडणुकीत अंगणात पक्षाची निळी पाटी लावते आणि दर निवडणुकीत ती कुणीतरी उपटतं. ‘वर स्वतःच्या पाट्यांना खिळे माझेच वापरतात मेले,’ म्हणते.

“मेलं कोण?” तिने फ्रिज उघडून विचारलं.

“कुणी नाही.”

“मग हे दोन-दोन भांडी बटाटे?”

“डेलिया. असं लोकांना वाटतंय.”

लारूने भांडं बाहेर काढलं, स्वतःला वाढून घेतलं. “आणि खरं काय?”

“माहीत नाही.”

“कुणाला विचारलंस?”

“पत्र टाकलंय.”

“पत्र!” ती बाकीच्या दोघांकडे वळली. “बघा, हिला मी राज्य बदलायला सोबत घेतलंय.”

सगळे हसले. मीही हसले.

तुला एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचं वजन फक्त तुला कळेल. वॉर्डात माझी चेष्टा होते. सवयीची झाली आहे. ऑगस्टमधल्या जेवणाला बिशप क्विस्ट सगळ्यांदेखत म्हणाला, “मारेन, तुमच्या पक्षात जेली सगळ्यांना सारखीच वाटून देतात ना? मग ताटली लपव, मी दुसऱ्यांदा घेतोय!” तो माणूस वाईट नाही. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी खड्ड्यातून त्यानेच ट्रॅक्टर लावून काढली, आणि वर म्हणाला, “डावीकडे फार झुकलीस की असं होतं.” मी त्यांच्यात बसते, त्यांची यंत्रं दुरुस्त करते, त्यांच्या मुलींना रविवारच्या वर्गात शिकवते, आणि मत मला हवं तिथे देते. आत राहून हळूहळू काहीतरी बदलेल, असं मी तुला सांगत आले.

आज चर्चमध्ये एकानेही चेष्टा केली नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलले. क्विस्टने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीच न बोलता सोडला. रांगेत मला पुढे जाऊ दिलं. चेष्टा थांबली तेव्हा मला भीती वाटली.

आई म्हणते तू तिला दिसलीस. मंदिरातल्या गोल जिन्याच्या वळणावर, पांढऱ्या कपड्यांत, पाठमोरी. ‘वयाने लहान वाटत होती,’ म्हणाली. हे तिने पीठ चाळताना सांगितलं.

आणखी एक कार्ड सोबत ठेवते.

मारेन


रविवार, १३ ऑक्टोबर

डेलिया,

आधी एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की कार्ड परत देऊन बाहेर येऊन बसले. ते खरं नाही.

मागे रांग होती. आईचा हात माझ्या कोपराखाली होता, अगदी हलका. टेबलामागच्या आजीबाई म्हणाल्या, “तयार ना, बाळा?” माझं कार्ड वाचून झालं होतं. मी “हो” म्हणाले.

आत काय होतं ते लिहीत नाही. तुला ते ठाऊक आहे आणि न सांगण्याचं वचन मी दिलं आहे. दोन तास मी तुझ्या नावाने बसले. तू जिवंत असशील तर हे मी जिवंत माणसाचं केलं. तू जिवंत नसशील तर हे करायचा हक्क मला नव्हता, तू बजावून गेली होतीस. कुठल्याही बाजूने ते बरोबर बसत नाही. मी उठू शकले असते. आधी एकदा विचारतात, कुणाला उठून जायचं असेल तर आता जावं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दोन निरीक्षणं आहेत. निष्कर्ष काढत नाही.

एक, त्या दोन तासांत माझा डावा गुडघा दुखत होता. घोड्यावरून त्या गुडघ्यावर तू पडली होतीस, मी नाही. तो अजून दुखतो. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड स्वच्छ आहे.

दोन, माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी अधूनमधून घसा साफ करत होतं, तू करायचीस तसा, तीनदा लहान आणि मग एकदा मोठ्याने. तिथे मागे वळायचं नसतं. संपल्यावर वळले. मागची रांग सुरुवातीपासून रिकामी होती, असं आई म्हणते.

ओरेगॉनच्या नोंदणी कार्यालयाला बहीण म्हणून अर्ज केला होता. गुरुवारी उत्तर आलं. ‘दिलेल्या नावाची मृत्युनोंद सापडली नाही.’ लारूला वाचून दाखवलं, ती म्हणाली, “झालं तर! जिवंत आहे पोरगी.” तसं होत नाही. तू त्या राज्यात त्या नावाने मेली नाहीस, एवढंच ते पत्र सांगतं. मी गाडी घेऊन अस्टोरियाला येऊ शकले असते. सोळा-सतरा तासांचा रस्ता आहे. नकाशात पाहिला आहे. घर रिकामं निघालं तर काय, एवढ्या एका कारणासाठी आले नाही.

काल आईशी बोलले. ती नासपाती बाटल्यांत भरत होती. तळघरात आता एवढ्या बाटल्या झाल्या आहेत की शेवटच्या फळीवर दिवा पोचत नाही.

“तारीख कुठून आणलीस?” मी विचारलं. “चौदा मार्च.”

“त्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. एकदम कळलं.”

“आई, तुला वाटलं. कळलं नाही.”

“तू डोंगरावर जाऊन बर्फाला हात न लावता सांगतेस किती पडलाय. ते चालतं?”

“तिथे यंत्र असतं.”

“इथे मी होते.” तिने झाकण घट्ट केलं. “बाबा वर सगळ्यांची वाट बघतायत. आपण चौघं मंदिरात एकमेकांना कायमचे बांधलेले होतो. तिने स्वतःचा धागा कापला. टेबलाशी एक खुर्ची रिकामी राहणार होती, मारेन. कायमची म्हणजे किती ते तुला कळतं का?”

“ती जिवंत असेल तर?”

“तर तिने लिहिलं नसतं का?”

“तिने लिहिलं नाही म्हणून ती मेली?”

आईने हात पुसले. रडत नव्हती. “मेलेल्यांसाठी मला काहीतरी करता येतं,” ती म्हणाली. “जिवंतासाठी मी काय करू? सांग. तू शिकलेली आहेस.”

मी पुढची रिकामी बाटली तिच्यापुढे सरकवली.

मग ती म्हणाली, बिशपने तिला नवं काम दिलं आहे. वॉर्डाची वंशावळ-सल्लागार. मुलामुलींना झाडातून नावं शोधायला आणि कार्डं काढायला आता ती शिकवणार. रविवार, २७ ऑक्टोबर, सकाळी नऊच्या सभेत तिचं नाव वाचतील आणि संमतीसाठी सगळ्यांना हात वर करायला सांगतील. “पुढे बस,” म्हणाली. “नीट दिसशील.”

त्या दुसऱ्या सभेबद्दल आता लिहिते, नाहीतर हे पत्र अपुरं राहील. तुझ्या आणि नोराच्यासारख्या, दोन बायकांच्या जोडप्यांना धर्मत्यागी ठरवणारा नियम आला त्यानंतरचा वसंत. आपण ठरवलं होतं की चर्चच्या वडीलधाऱ्यांची नावं संमतीसाठी वाचल्यावर, ‘प्रतिकूल कुणी असल्यास’ म्हटलं की दोघींनी हात वर करायचा. मी तसं तुला कागदावर लिहूनही दिलं होतं, कारण तू म्हणालीस, ‘तुझं तोंडी नको.’ तू माझ्या मागच्या रांगेत होतीस. तो क्षण आला. बाकावर मागे तुझा कोट सरकल्याचा आवाज मी ऐकला. माझे हात मांडीवर होते. मी मागे पाहिलं नाही. तू मला त्याबद्दल कधी काही बोलली नाहीस. जाताना फक्त म्हणालीस, “आतून बदलणार म्हणतेस ना? तू आत आहेस, एवढंच झालंय.”

तो नियम या एप्रिलमध्ये मागे घेतला. मी तेव्हा डोंगरावर होते, रेडिओवर ऐकलं. तुला लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

सत्तावीस तारखेला मी काय करीन ते इथे लिहीत नाही. एकदा लिहून दिलं होतं.

मारेन


रविवार, २७ ऑक्टोबर, दुपार

डेलिया,

तू तिथे होतीस की नाही हे मला माहीत नाही. म्हणून तू नव्हतीस असं धरून सगळं लिहिते.

मी तिसऱ्या बाकावर बसले होते. गर्दी होती, मागची घडीची भिंत उघडून जादा खुर्च्या टाकल्या होत्या. क्विस्टने आईचं नाव वाचलं. ज्याचं नाव वाचतात त्याला उभं करतात, तशी आई उभी राहिली. निळा पोशाख, बाबांनी दिलेली माळ.

“सिस्टर वेल्डा थोर्गेसन यांना वंशावळ-सल्लागार म्हणून बोलावलं आहे. अनुकूल असणाऱ्यांनी उजवा हात वर करून दाखवावं.”

हात वर गेले. दोनशे बाह्यांचा तो एकदम होणारा आवाज तुला माहीत आहे.

“प्रतिकूल कुणी असल्यास, त्याच खुणेने.”

हे वाक्य म्हणताना बिशप नेहमी हातातला कागद उलटतो, कारण पुढे कधी काही घडत नाही. त्याने कागद उलटला, पुढचं नाव वाचायला तोंड उघडलं आणि मान वर केली. माझा हात वर होता.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गॅस चालू राहिला का हे आठवताना ती पाहते, तसं. मी हात खाली घेतला नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. या एका ठिकाणी मी मोजलं नाही.

“नोंद घेतली आहे,” क्विस्ट म्हणाला. मानेपासून कानापर्यंत लाल झाला होता. “सभेनंतर ऑफिसात बोलू.” मग त्याने पुढचं नाव वाचलं. मग भजन झालं. लोकांनी नेहमीपेक्षा मोठ्याने गायलं.

ऑफिसात आम्ही चौघं होतो. बिशप, आई, मी, आणि नोंदी ठेवणारा ब्रदर ऑस्टलर. तोच, ज्याच्या चष्म्याला तू लहानपणी घाबरायचीस.

“मारेन,” क्विस्ट म्हणाला, “हे तुझ्या राजकारणातलं काही असेल तर त्यात आईला कशाला ओढलंस? माझ्या विरोधात हात वर करायचास. मी सोसलं असतं.”

“राजकारणच आहे,” मी म्हणाले. “जी माणसं आपल्यात मावत नाहीत त्यांना जिवंत धरायचं की नाही, एवढंच माझं राजकारण आहे. आईने डेलियाला मृत लिहिलंय. ती मेल्याचा पुरावा नाही. आता ही मुलांना नावं काढायला शिकवणार.”

क्विस्टने आईकडे पाहिलं. “वेल्डा? तू मला म्हणालीस पत्र आलं होतं.”

“पत्र म्हणाले नव्हते. कळलं म्हणाले होते.”

“मी तर प्रार्थनेत तिचं नाव घेतलं!” क्विस्ट खुर्चीत मागे टेकला. “सगळ्या वॉर्डाने घेतलं. माझ्या बायकोने बटाटे केले.”

“छान होते,” मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

“ती जिवंत असल्याचा पुरावा आहे तुझ्याकडे?” आईने मला विचारलं.

“नाही.”

“बघा.”

“माझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे,” मी बिशपला म्हणाले. “सप्टेंबरमध्ये तिच्या वतीने विधी मी केला. कार्ड वाचून, समजून केला.”

शेजारच्या वर्गात लहान मुलांचं गाणं चाललं होतं.

“समजून?” क्विस्टने विचारलं.

“हो.”

त्याने बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. “मग तुझं मंदिराचं प्रवेशपत्र मला ठेवून घ्यावं लागेल. कायमचं नाही. पण ठेवून घ्यावं लागेल.”

मी ते काढून दिलं. आत राहण्यासाठी ज्याची मी इतकी वर्षं काळजी घेतली ते एवढंच होतं, बोटभर कागद. त्याने ते खणात ठेवलं आणि खणावर हात ठेवून बसला, जणू ते उडेल.

मग ब्रदर ऑस्टलरने वही पुढे सरकवली. “बिशप, एक नोंदीचं राहिलंय. तुम्ही एकच हात धरलात. मी दोन मोजले.”

“दोन?”

“दुसरा मागे, जादा खुर्च्यांत. राखाडी कोटातली बाई. मी यादी पाहिली, ती यादीतली नाही. सभासद नसेल तर मत धरत नाहीत, म्हणून लिहिलं नाही. पण तुमचा आकडा आणि माझा आकडा जुळायला हवा.”

“कुणाची पाहुणी असेल,” क्विस्ट म्हणाला.

“दाराशी मॅडसन होता. प्रत्येकाशी हात मिळवतो तो. मी विचारलं. त्याला राखाडी कोट आठवत नाही. भजनाच्या वेळी मी पुन्हा पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.”

मी दाराकडे निघाले होते. आईच्या आवाजाने थांबले.

“कोणता हात?” तिने विचारलं.

ऑस्टलरला कळलं नाही. “हात, सिस्टर?”

“उजवा की डावा?”

त्याने स्वतःचे दोन्ही हात थोडेसे उचलले आणि त्यांच्याकडे पाहिलं, एकाला निवडायचं असल्यासारखं. “डावा,” तो म्हणाला. “म्हणून तर नजरेत भरला.”

आई खाली बसली.

तू चार वर्षांची असल्यापासून दर रविवारी आई तुझा डावा हात खाली ओढायची आणि उजवा वर करायची. बाकीच्यांना ती तुझी बाही नीट करतेय असं वाटायचं. हे आपल्या तिघींखेरीज कुणाला माहीत नाही. मी ऑस्टलरला सांगितलेलं नाही, आईनेही नाही. दोघींनी एकमेकींना तेवढं विचारलं.

मी बाहेर जाऊन आले. गाड्या लावायच्या जागेत साठ गाड्या होत्या, सगळ्या ओळखीच्या, सगळ्यांना यूटाची नंबरप्लेट. फाटकापासून रस्ता तीन मैल सरळ दिसतो. त्यावर काही नव्हतं.

ती तू होतीस असं मी लिहीत नाही. जगात डावखुऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि राखाडी कोटही. सत्तावीस तारीख आणि नऊची वेळ मी तुला कळवली होती, हे खरं. ते पत्र कुणी उघडलं हे मला माहीत नाही. मंदिरातल्या जिन्यावर आईला जी दिसली आणि खुर्चीत ऑस्टलरला जी दिसली, त्या दोघींतली एक तू असशील. मला खुर्चीतली हवी आहे.

परत आत आले तेव्हा आई ऑस्टलरच्या संगणकासमोर बसली होती. क्विस्ट मागे उभा होता, हातात तिची पर्स धरून. ती एका बोटाने परवलीचा शब्द घालत होती.

“माझं नाव परत घ्या, बिशप,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “मुलांना दुसरं कुणीतरी शिकवू दे.”

“बरं, वेल्डा.”

“मारेन, हे पुसायचं कुठून?”

मी दाखवलं. तिने तारीख पुसली, गाव पुसलं. ‘मृत’वरची खूण काढायला तिचं बोट दोनदा चुकलं. मी हात लावला नाही. तुझं पान माझ्या फोनवरही उघडं होतं, गेला दीड महिना मी ते बंद केलंच नव्हतं. तिने शेवटचं बटण दाबलं आणि माझ्या हातातलं पान कोरं झालं. त्या झाडावर जिवंत माणसाचं पान ज्याने बनवलं त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नाही. तुझं नाव, तुझा जन्म, नॉर्डबी, काहीच उरलं नाही. माझ्या शेजारी आता एक रिकामी चौकट आहे.

“तुझ्याकडे दिसते का अजून?” आईने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मग बरोबर झालं,” ती म्हणाली, आणि संगणक बंद कसा करायचा ते ऑस्टलरला विचारू लागली.

मारेन